चहाच्या वेळची हिरवी खूण

सातपूरच्या आमच्या ऑफिसात भुईकाट्याचं सॉफ्टवेअर तयार होतं. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन स्क्रीनवर दिसायचं, एवढंच त्याचं काम. ते नव्या कॉम्प्युटरवर नीट बसलं का, हे पाहणारी चाचणी माझ्याकडे होती. ती वजनाची विंडो उघडायची, तिचा फोटो घ्यायची आणि आकडे दिसले तर हिरवी खूण द्यायची. नाहीतर लाल.

या चाचणीनं माझा जीव खाल्ला. सकाळी हिरवी, जरा वेळानं लाल, कोणी काही न बदलता. विंडो कधीकधी कोरीच उघडायची. मी कारण शोधत बसले की साहेब म्हणायचे, परत चालव, होईल. आणि व्हायची, याचाच मला जास्त राग यायचा.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की सगळे टपरीवर चहाला गेले की चाचणी हमखास पास होते. झालं, ऑफिसात रिवाजच पडला. चहाला उठताना बटण दाबायचं, परत येईपर्यंत हिरवं. ती खूण बघून लोक इतके खूश व्हायचे, की माझं डोकं फिरायचं. अहो, आपलं सगळ्यांचं काम आणि ही चाचणी एकाच सर्व्हरवर चालते, आपण उठलो की तो मोकळा होतो म्हणून ती पास होते, कामाचा ताण आला की विंडो खरंच कोरी राहते, हे मी साहेबांना परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, चाचणीच नाजूक आहे, वेळ बघून चालवत जा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चहाच्या वेळी मिळालेल्या त्या खुणेवर सॉफ्टवेअर चांदवडच्या एका काट्यावर गेलं.

कांद्याचा हंगाम होता. भर लिलावात तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. वजन, पावत्या, कॅमेरे सगळं एकदम चालू, आणि आमची विंडो कोरी. "मॅडम, काहीच दिसत नाय. लय ट्रॅक्टर खोळंबलेत, लोक माझ्या अंगावर येऊ लागलेत." मला रडूच येईल असं वाटलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि साहेबांपुढे ठेवला.

साहेब शांतपणे म्हणाले, "असं करा, बाकीचं सगळं बंद करा, चहा घेऊन या आणि मग परत चालू करून बघा."

पलीकडच्या ऑपरेटरनं ट्रॅक्टरच्या धडधडीवर आवाज चढवला.

"साहेब," तो म्हणाला, "आमच्याकडं चहा शेवटचा ट्रॅक्टर गेल्यावर असतो."