मी लिहिलेला जबाब

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मिसिंगच्या, म्हणजे बेपत्ता माणसांच्या, शेकडो तक्रारी हाताखालून गेल्या. बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. एका मुलीचा मात्र आठवतो. तिच्या प्रकरणाचा खरा उलगडा मला निवृत्तीनंतर, इंग्लंडमध्ये झाला.

मी तेव्हा एका तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक होतो. एके सकाळी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी मैत्रिणीसह बेपत्ता होती. मैत्रिणीनेच फूस लावली, असे त्यांचे म्हणणे. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली. आठवडाभर काही हाती लागले नाही. मग गावातल्याच एका एसटी कंडक्टरने खबर दिली. अडीचशे किलोमीटरवरच्या शहरात, एका खाणावळीतून डबा नेताना त्याने दोघींना पाहिले होते.

महिला शिपायाला घेऊन आम्ही गेलो. दोघी एका खोलीत राहत होत्या. मुलगी दवाखान्यात कामालाही लागली होती. ठाण्यात आणून मी तिला एकटीला समोर बसवले. माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस भरमसाट तपशील देतो. ही मोजकेच बोलली.

"साहेब, मला कुणी पळवलं नाही. आमचं दोघींचं प्रेम आहे. आम्हाला एकत्र राहायचंय."

"घरी काय सांगू?"

"काहीही सांगा, पण घरी पाठवू नका. बाबा मला जिवंत ठेवणार नाहीत."

"बाप आहे तो. चार दिवस रागावेल, मग होईल शांत."

मला ते खरेच वाटत होते. मुलगी बापाच्या ताब्यात दिली की ती सुरक्षित, एवढेच मी शिकलो होतो. ती सज्ञान होती, हवे तिथे राहण्याचा तिला अधिकार होता, हे मला ठाऊक होते. तरीही जबाबात मी लिहिले, 'मी राजीखुशीने वडिलांसोबत जात आहे.' तिने सही केली. वर पाहिले नाही. मैत्रिणीला तिचा भाऊ घेऊन गेला. प्रकरण बंद झाले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ठाण्यात पेढे पाठवले. मीही खाल्ले.

निवृत्तीनंतर मी वर्षातले काही महिने इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला माझ्या मुलीकडे असतो. एका दुपारी तिथे फोन आला. बोलणारी तरुण वकील इंग्लंडमध्येच जन्मलेली होती. माझा नंबर तिने माझ्या जुन्या ठाण्यातून मिळवला होता.

"काका, सॉरी, माझी मराठी वीक आहे. तुमचा एक जुनी केस आहे. त्यातली मुलगी आता माझी क्लायंट आहे. तिला तुमचा हेल्प पाहिजे."

पुढचे तिने इंग्रजीत सांगितले. घरी नेल्यावर मुलीला दोन महिने कोंडून ठेवले होते. मारहाणीत हात मोडला. लग्न ठरवले. शेवटी आईने चोरून पासपोर्ट हातात ठेवला, ती घरातून निसटली आणि पुढे स्टुडंट व्हिसावर एडिनबराला आली. धमक्यांचे फोन तिथेही येऊ लागले, तेव्हा तिने लंडनला येऊन आश्रयासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. कारणे दोन. तिला आपल्या देशात दुसऱ्या शहरात राहता येईल, आणि पोलीस तिचे रक्षण करतील.

ती दुसऱ्या शहरातच राहत होती. तिथून तिला परत आणणारा पोलीस मी होतो.

रात्री जेवताना माझ्या मुलीला सांगितले, मी साक्ष देणार आहे. ती म्हणाली, "बाबा, तिकडे तुमच्यावरच चौकशी लागली तर?"

"लागू दे," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीला भेटायला लंडनच्या क्रॉयडन भागात गेलो. अशा अर्जदारांना आधार देणारा एक गट तिथे एका हॉलमध्ये जमतो. मूळच्या नागपूरच्या, आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या एक निवृत्त नर्स तो चालवतात. सगळे त्यांना माई म्हणतात. प्रत्येक मुलाखतीला, प्रत्येक तारखेला त्या मुलीसोबत गेल्या होत्या. दारातच त्यांनी मला थांबवले.

"माफी मागायची असेल तर जरूर मागा साहेब. पण तिनं माफ करावं म्हणून अडून बसू नका."

मुलगी आत बसली होती. केस बारीक कापलेले, चेहरा तोच.

"साहेब, ओळखलंत?"

"ओळखलं. त्या दिवशी तू जे सांगितलंस ते मी लिहिलं नाही. चूक माझी आहे."

माईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मला इतकी वर्षं वाटायचं, मीच नीट सांगितलं नसेल," ती म्हणाली.

"तू नीटच सांगितलं होतंस, पोरी."

मी चष्मा काढून डोळे पुसले. तिने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

नंतर वकिलाने माझा जबाब घेतला. माझे प्रत्येक वाक्य लिहून मला वाचून दाखवले, दोन ठिकाणी मी सांगितलेली दुरुस्ती केली, मगच सही मागितली.

अपिलाच्या दिवशी मी साक्षीला उभा राहिलो. आयुष्यात अनेकदा साक्ष दिली, ती नेहमी माझा कागद खरा म्हणून. समोरच्या, सरकारच्या वकिलाने विचारले, "सरकारी कागदावर तुम्ही खोटं लिहिलंत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो," मी म्हणालो.

"मग आज खरं बोलताय, हे कसं मानायचं?"

"त्या खोट्यानं माझी सोय झाली होती. आजच्या खऱ्यानं होणार नाही."

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी टिपून घेतले. काही आठवड्यांनी निकाल आला. अपील मंजूर. वकिलाचा फोन आला तेव्हा मागे माईंचे हसणे आणि मुलीचे रडणे एकदमच ऐकू येत होते. तिच्या मैत्रिणीचा पत्ता मात्र आजवर लागलेला नाही. तिचे लग्न लावून दिले, एवढेच कळले. तिला भावाच्या ताब्यात दिल्याच्या कागदावरही माझीच सही आहे.

माणूस कुठे सुरक्षित आहे, हे त्या माणसालाच विचारायचे असते, ही साधी गोष्ट मला नोकरीत उमगली नाही. आता उमगली आहे, म्हणून जो विचारेल त्याला सांगतो. मध्यंतरी माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका अधिकाऱ्याने भारतातून फोन केला.

"सर, एक मिसिंग आहे. दोन मुली सापडल्यात, दोघी सज्ञान. इथेच राहायचं म्हणतात. बाहेर घरचे येऊन बसलेत, काय करू?"

"दोघींना वेगवेगळं बसवून विचार. त्या बोलतील तेच, त्यांच्याच शब्दांत लिही. मग बाहेर जाऊन घरच्यांना एवढंच सांग, मुली सुखरूप आहेत. पत्ता देऊ नकोस."

"वडील ऐकणार नाहीत, सर."

"नाही ऐकणार. तू दारात उभा राहा."