सापुतारा, मावशीच्या गाईमार्गे

लग्नानंतर आम्ही सापुताऱ्याला निघालो. तळं, बोट, थंडी, सगळं मनात रंगवून मी नाशिकच्या स्टँडवर उभी, आणि नवरोबा सुधीर बस शोधतोय कळवणची!

"वाटेतच आहे गं. मावशीकडून गाईचं शेण घ्यायचं, की पुढे."

शेण! हनिमूनला! कपाळावर हात मारला आणि चढले बसमध्ये.

तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच बस धरा. वणीला थांबते. भजी गरम असतील तरच घ्या, चहाच्या नादी लागू नका. तिथे सुधीरने मला त्याचं संशोधन समजावलं. गाईला चाऱ्यातून हिरवी पावडर द्यायची. ती पचत नाही, बाधतही नाही, शेणातून जशीच्या तशी बाहेर येते. शेणात ती किती दाट झाली ते तपासलं की चारा किती पचला ते कळतं. पावडर चुकू नये म्हणून मावशी आमच्या लग्नालाही आली नव्हती, आणि आज शेवटचा नमुना होता.

कळवणहून काळ्या-पिवळ्या जीपने गावात पोचलो. दारात मावशी भाकरतुकडा घेऊन उभी, आणि तिच्यामागे अख्खं अंगण ताजं सारवलेलं. हिरवंगार!

सुधीर मटकन खाली बसला. "मावशे, हे आजचं शेण?"

"मंग? सून पहिल्यांदा दारात यायची, अंगण तसंच ठेवू? सुनेपरीस शेण मोठं हे का रे?"

मला हसू आवरेना. सुधीर मात्र रडकुंडीला आला होता. आजचा नमुना हुकला तर पावडर पुन्हा पहिल्यापासून चारायची. गाय पुन्हा शेण टाकेल, पण कधी? ते जमिनीवर पडून मातीत मिसळायला नको. आणि सापुताऱ्याची बस फाट्यावरून दुपारी एकदाच जाते.

बसलो दोघं गाईच्या मागे. गाय निवांत रवंथ करतेय.

"टक लावून नका बघू, लाजती ती," मावशी म्हणाली आणि सुधीरला जेवायला ओढून घेऊन गेली. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी. माझं ताट गोठ्यातच आलं. अशी चटणी मी परत कुठे खाल्ली नाही.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. "चल गं, बस!" सुधीर आतून ओरडला. आणि नेमकं त्याच वेळी गाईने शेपूट उचललं.

काय करणार? घमेलं उचललं आणि गाईकडे धावले. अंगावर नवी साडी, हातात हिरवा चुडा. एक थेंब खाली पडू दिला नाही. बस गेली.

सापुतारा अजून राहिलाय. सुधीरला पदवी मिळाली तेव्हा आम्ही पेढे घेऊन मावशीकडे गेलो. तिने पहिला पेढा गाईला भरवला, दुसरा मला.

"आणि मला गं?" सुधीरने हात पुढे केला.

मावशीने डबा मिटला. "तू काय केलंस रे?"