दुरुस्ती सेप्टाची

सेप्टा ट्रेनरने तो करडा ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याच्या बॉनेटमधून मनगटाएवढं झाड वर आलं होतं. शेजारचा म्हातारा बार्नी वारला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि सगळ्या बापयांनी नाक मुरडलेला तो सांगाडा हिने आपल्या वासरांच्या पैशांतून उचलला.

"बागेत शोभेला ठेवणार का गं?" कुणीतरी विचारलं.

"नाही, तुझ्या बायकोला फिरवायला," असं म्हणून ती करवत आणायला गेली.

सेप्टाने पन्नाशी ओलांडली होती. लग्नाचं वय धारा काढण्यात आणि आईच्या आजारपणात निघून गेलं. शेत तीच बघायची. आयर्लंडमधल्या मोनाहनच्या त्या चिखलट टेकड्यांवर गवत कधी कापायचं, गाय कधी विकायची, सगळं तीच ठरवायची. पण रविवारी चर्चबाहेर लोक तिला विचारायचे, "डॅडी काय म्हणतात? गवत घेताहेत का कापायला?" डॅडी, म्हणजे ह्यूई ट्रेनर, तेव्हा घरी शेगडीपाशी पेंगत असायचे. धाकटा भाऊ मॅलकी डब्लिनला बँकेत होता. तो नाताळला यायचा आणि गोठ्याच्या दारातूनच गाईंची चौकशी करायचा.

सगळा हिवाळा ती शेडमध्ये होती. पिस्टन गंजून जाम झालेले. त्यांत डिझेल ओतून ठेवायचं, रोज लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे आणि वाट बघायची. डॅडी उपड्या बादलीवर बसून फर्मानं सोडायचे, "तसं नाही पोरी, आधी गरम कर." तिने आधीच गरम केलेलं असायचं. ज्या दिवशी पिस्टन केसभर सरकला, त्या दिवशी ती तिथेच तेलकट जमिनीवर बसून रडली. डॅडी म्हणाले, "माझा चहा गार झालाय."

तिला एकच गोष्ट हवी होती. जूनमध्ये चर्चच्या छपरासाठी पैसे जमवायला जुन्या ट्रॅक्टरांची मिरवणूक निघते, तिच्यात सगळ्या गावासमोर आपण त्या सीटवर बसायचं. एकदाच. ह्या ट्रॅक्टरला जीव कुणी दिला ते लोकांना दिसू दे, मग पुन्हा 'डॅडी काय म्हणतात' ते विचारू देत.

मिरवणुकीच्या सकाळी चर्चच्या हॉलपाशी मॅलकी नवीकोरी टोपी घालून हजर झाला. डॅडींनी गुपचूप एक पाटी रंगवून आणली होती आणि स्वतःच्या हाताने ती ट्रॅक्टरला बांधत होते. 'ह्यूई ट्रेनर आणि मुलगा.'

"मॅलकी चालवेल," ते म्हणाले. "तू हॉलमध्ये सँडविचचं बघ. तिथे बायका कमी पडताहेत."

"ट्रॅक्टर माझा आहे, डॅडी."

"तुझा-माझा काय लावलंयस? घरचाच आहे ना?"

"अगं, चालव की तू," मॅलकी म्हणाला. "मला कुठे एवढी हौस आहे!" हे तो सीटवर बसल्या बसल्या म्हणाला. मॅलकी वाईट नव्हता. वाईट असता तर तिने त्याला खाली ओढला असता. भोवतालच्या लोकांनी कान टवकारले होते.

असा ट्रॅक्टर पेट्रोलवर चालू करतात आणि इंजिन चांगलं तापलं की नळ फिरवून रॉकेलवर घेतात. थंड इंजिनाला रॉकेल दिलं की त्याचा जीव गुदमरतो. तिने ट्रॅक्टर चालू करून दिला.

"हा नळ कधी फिरवायचा गं?" मॅलकीने विचारलं.

"कधीही," सेप्टा म्हणाली. "मनाला येईल तेव्हा."

मग ती हॉलमध्ये जाऊन पावाला लोणी लावत बसली. कान बाहेरच होते. चढावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. तिला झालेला आनंद चांगला नव्हता, पण झाला खरा. मॅलकीचं तोंड बघायला ती एप्रनसकट बाहेर धावली.

चढाच्या मधोमध पांढऱ्या धुरात ट्रॅक्टर उभा, मागे सगळी मिरवणूक खोळंबलेली. मॅलकी दोन्ही हात वर करून हसत होता आणि लोकही त्याच्याबरोबर हसत होते. माईकवाल्याने डॅडींपुढे माईक धरला, "काय हो ह्यूई, मुलगा रुसला की ट्रॅक्टर?"

"मुलाचा काय दोष?" डॅडींचा आवाज दोन्ही कर्ण्यांतून गावभर गेला. "पिस्टन म्हणू नका, वायरी म्हणू नका, सगळी दुरुस्ती आमच्या सेप्टाची आहे. एकटीने केलीय हो!"

केवढा हशा पिकला! चार-पाच बापयांनी बाह्या सरसावल्या आणि ट्रॅक्टर ढकलत कडेला नेला. दोन मिनिटं मिळाली असती तर तिने तो चालू केला असता. पण काय बिघडलं ते सांगायचं, तर आपण काय केलं तेही सांगावं लागलं असतं. लोणी लागलेले हात एप्रनला पुसत ती लोकांबरोबर थोडंसं हसली.