गिरणेकाठचं तांबं

भूविज्ञानाची पदवी घेऊन मी खनिज शोधण्याच्या सरकारी नोकरीला लागले, तेव्हा माझी पहिली छावणी पडली भडगावजवळ, गिरणेला मिळणाऱ्या एका नाल्यावर. शोधायचं होतं तांबं, आणि नशीब असेल तर सोनं.

आम्ही तिघंच होतो. मी, माझे साहेब आणि वाळू धुवायला गावातून येणाऱ्या अक्का. पसरट थाळीत वाळू घेऊन पाण्यात घोळवायची; हलकं वाहून जातं, जड खाली राहतं. सोनं असलंच तर त्या जड गाळात. माझ्या थाळीतून हलकं-जड सगळंच वाहून जायचं. अक्कांनी दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी थाळी माझ्या हातातून काढून घेतली.

"बाई, तुम्ही वहीमा लिखानं काम करा."

सुपात दाणे पाखडावेत तशी त्यांनी थाळी हलवली आणि तळाशी काळ्या वाळूची नाजूक कोर उरली. सोनं नव्हतं. पण साहेबांनी त्या दिवसापासून मला थाळीला हात लावू दिला नाही.

तांब्याची तपासणी माझ्याकडे होती. काचेच्या नळीत थोडा गाळ घ्यायचा, त्यावर औषध ओतायचं. धातू असला तर गुलाबी रंग येतो. एका सकाळी रंग आला. शंभर पावलं वर गेलो, तर आणखी गडद. साहेब एरवी काठी टेकत चालायचे. त्या दिवशी काठी खांद्यावर टाकून निघाले. मी मनातल्या मनात घरी पत्र लिहायला घेतलं. पुढच्या वळणावर तर नळी जांभळट झाली. तिथे लिंबाची बाग होती, आणि बागेचे मालक नाना नाल्यात काहीतरी धूत बसले होते.

"काय शोधी राहिनात, साहेब?"

"तांबं," साहेब धापा टाकत म्हणाले.

नानांनी हातातला फवारणीचा पंप वर केला. निळंशार पाणी ठिबकत होतं. "हाई मोरचूद शे. लिंबूसले मारतस. बठ्ठा पंप आठेच धोवतस."

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि सगळे पंप याच नाल्यात धुतले जात होते! बागेच्या वरच्या अंगाला जाऊन मी गाळ तपासला. रंग नाही. आणखी वर गेले. तिथेही नाही. परत आले तर साहेब बांधावर बसून डोळे पुसत होते. मी घाबरले, जवळ गेल्यावर कळलं, हसून हसून पाणी आलं होतं. नानांनी लिंबाचं सरबत पाजलं आणि मीही हसायला लागले, पण पत्राचं आठवून जरा उशिरानेच.

आम्ही विसरलो, नाना विसरले नाहीत. सरकारला आपल्या बागेत तांबं सापडलं, असं त्यांनी गावभर सांगितलं. चार दिवसांनी सकाळी छावणीसमोर माणसं उभी, प्रत्येकाच्या पंच्यात आपापल्या शेतातले दगड. "यात तांबं नाही" म्हणायची माझी हिंमत होईना. अक्का मात्र पदर खोचून पुढे झाल्या आणि एकेक दगड हातात घेऊन, नीट निरखून, ज्याचा त्याला परत देत गेल्या.