वाढत्या अंगाची

भांडण ऐकू आलं तेव्हा शिंपीकाकू दाराबाहेरच्या बाकड्यावर जुना स्वेटर उसवत बसल्या होत्या. आत रक्त शुद्ध करायची खोली. चार खुर्च्या, चार यंत्रं, चौघांच्या दंडात सुया. अशा अवस्थेत माणसं भांडतात तरी कशी, याचंच त्यांना नवल वाटलं.

"गेला ना तो? मग त्याचा जादूगार मला द्या," नवा आलेला ट्रकड्रायव्हर म्हणत होता.

"खुर्ची मिळाली तेवढी पुरे!" निवृत्त शाळामास्तरीण कडाडल्या. "माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत, तर लागले त्याचे कपडे अंगाला लावून बघायला!"

"बाई, खेळ आहे हो हा."

"खेळ आहे म्हणूनच सांगतेय."

मग चौथ्या खुर्चीवरून काकूंच्या नवऱ्याचा आवाज आला, शिंपीकामाच्या दुकानात गिऱ्हाइकाला समजवायचे तसा. "ड्रायव्हरसाहेब, दुसऱ्याचा उतरवलेला कशाला? तुम्हाला नवा शिवून देतो की."

त्या दिवसापासून खोलीचा नियमच झाला. गेलेल्याचा पेशा त्याच्याबरोबर गेला. नव्याला नवा.

हा खेळ काका-काकूंच्या मुलाचा. तो परदेशी गेला, जाड पुस्तक आणि चित्रविचित्र फाशांची डबी मागे राहिली. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राला एक पेशा: लढवय्या, चोर, वैद्य, जादूगार. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास एका जागी जखडलेल्या माणसांना राक्षस मारायला नाहीतरी कुठे जायचं होतं? काका गोष्ट सांगायचे, फासा नर्सच्या स्टीलच्या ट्रेत खणखणायचा.

पुस्तकातले पेशे संपले तसे काका स्वतःचे रचू लागले. जुन्या मापांच्या वहीत छाती-कंबर लिहायची तिथे आता बळ आणि अक्कल. ड्रायव्हरला केलं वाटाड्या: कुठल्याही घाटातून गाडी काढेल, पण मागून कुणी सल्ला दिला की शक्ती निम्मी. एका न्हाव्याला केलं वस्तराबहाद्दर, तो दाढी करता करता राज्याची गुपितं काढून घ्यायचा. "कापड सगळ्यांना सारखं," काका म्हणायचे, "माप ज्याचं त्याचं." सहा वर्षांत अकरा पेशे झाले. त्यातले आठ मिटले. न्हावीही गेला.

त्याच्या खुर्चीवर एकोणीस वर्षांची मुलगी आली, कानात गाणी ऐकायची बोंडं घालून.

"काय करतेस गं बाळ?" काकांनी विचारलं.

"काही नाही. शिकत होते, सोडलं."

"आवडतं काय?"

"घरी जायला."

शनिवारी ती आलीच नाही. नर्स वैतागून म्हणाली, "दोनदा चुकवलं की छातीत पाणी भरतं. कितीदा सांगायचं!" काका ती काळजी घरी घेऊन आले आणि वही उघडून बसले. दोरावरून चालणारी केली. ती म्हणाली, मला चक्कर येते. जनावरांशी बोलणारी केली. ती म्हणाली, मला माणसांशीच बोलायचा कंटाळा आहे, त्यात आणि बैल कुठे. दोन आठवड्यांनी मंगळवारी पुन्हा दांडी.

"अहो, तिला आई आहे, डॉक्टर आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोण तिचे?"

"कोणी नाही. म्हणून तर काही करता येत नाही. पेशे शिवता येतात, तर तोही बसेना."

काकूंना त्यांचा चेहरा बघवेना. उगीच बोलायचं म्हणून त्या बोलल्या, "आणि मुलगी वाढत्या अंगाची असली तर काय करायचात दुकानात?"

"शिलाईत कापड सोडायचो." काका थांबले. मग पेन्सिल शोधू लागले.

नव्या पेशाला सुरुवातीला एकही शक्ती नव्हती. दहा कोऱ्या ओळी होत्या. जितक्यांदा खुर्चीवर येईल तितक्यांदा तिने एक शक्ती स्वतः लिहायची, आणि ती कुणी नाकारायची नाही.

"म्हणजे दहा खेपांत ही आमच्या डोक्यावर बसणार!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बसू दे."

"मला का नाही सोडलंत कापड?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुमचं वाढून झालंय. पोट सोडलं तर."

मुलगी पहिल्यांदाच हसली. कागद ओढून तिने लिहिलं: हिला कुठूनही निघून जाता येतं.

काकांनी स्वतःच्याच नियमाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "लिहिलं ते लिहिलं."

आणि शनिवारी खुर्ची रिकामी! त्या दिवशी काका घरी येऊन जेवले नाहीत. "मीच दार उघडून दिलं गं तिला," एवढंच म्हणाले. काकांचीही शीर आता दगा देऊ लागली होती, अर्ध्यातच रक्तदाब कोसळायचा, आणि डॉक्टर हल्ली त्यांच्याऐवजी काकूंशी बोलायचे, तेही भिंतीकडे बघून.

मंगळवारी मुलगी आली ती चेहरा सुजलेला, धाप लागलेली. नर्सने वजन बघून कपाळावर हात मारला. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं होतं, पण काकांनी नुसतं बोट वर केलं. यंत्र सुरू झालं, श्वास जागेवर आला, तेव्हा तिने दुसरी ओळ भरली: परत आल्यावर हिला कोणी काही विचारत नाही.

गुरुवारी आली. म्हणाली, कागद आईने खिशासकट धुतला.

"बरं झालं, स्वच्छ झाला," काका म्हणाले. "नवा आणतो."

त्यानंतर आलेला शनिवार काकांचा त्या खोलीतला शेवटचा ठरला. पण त्या सकाळी ते नेहमीसारखे बसमधून एक थांबा आधी उतरले, झेरॉक्सच्या दुकानाशी. काकूंनी कोपर धरलं होतं. दहा पावलांवर एकदा थांबावं लागत होतं, आणि थांबल्यावर ते दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करत होते.

"आज येईल का हो ती?" काकूंनी विचारलं.

"मला काय ठाऊक."

झेरॉक्सवालीने वही काचेवर ठेवली. मुलीच्या त्या दोन ओळी काकांनी मुलीच्याच शब्दांत परत लिहिल्या होत्या, खाली आठ कोऱ्या.

"एकच ना काका?"

"तीन काढ. मुलगी हरवते कागद. आणि वाकडी नको गं, मागच्या वेळी काठ तिरका गेला होता."

तिने काठ सरळ लावून तीन प्रती काढल्या. काकांनी तिन्ही कागद उजेडाला धरून पाहिले, घडी न घालता वहीत ठेवले, आणि आठच्या आत पोचायचं म्हणून काकूंना म्हणाले, "चल, उचल पाय."