कंडोलन्स कुणाला?

कोल्हारला प्रवरेच्या घाटावर दशक्रिया असली की माईक अजिनाथ तात्यांच्या हातात, हे ठरलेलंच. श्रद्धांजलीला पुढाऱ्यांना कोणत्या क्रमाने बोलवायचं, कोणते माजी सभापती कुणाच्या मागून नाव घेतलं की रुसतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मयत कुणीही असो, तात्यांच्या तोंडी तो मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीचाच व्हायचा. छगन म्हणजे गावातला एक नंबरचा भांडकुदळ. तो गेला तेव्हाही तात्यांनी त्याला मनमिळाऊ म्हटलं, आणि छगनच्या बायकोनेच दचकून वर पाहिलं. पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, माईकवर तर नाहीच नाही.

अलीकडे तात्यांना एक नवा शब्द सापडला होता. मोबाईलवर कुणी गेल्याची बातमी आली की तिच्याखाली शिकलेली पोरं इंग्रजीत 'कंडोलन्स' लिहायची. शब्द तात्यांना भारदस्त वाटला. अर्थ विचारायच्या भानगडीत कोण पडतो? पुढच्याच दशक्रियेत त्यांनी तो ठोकून दिला. "कैलासवासी आप्पासाहेबांना आपणा सर्वांच्या वतीनं भावपूर्ण कंडोलन्स अर्पण करूया!" पुढच्या खुर्च्यांवरच्या मंडळींनी माना डोलावल्या. तेव्हापासून तात्यांच्या बोलण्यात साधी श्रद्धांजली मागे पडली.

मग पुष्पावती वहिनी गेल्या.

भिमाजी हा तात्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. बांधाला बांध लागून, आणि एकाच्या घरी दुसरा न विचारता जेवायला बसणार. पुष्पावती ही भिमाजीची बायको. सकाळी गोठ्यात धार काढताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. सावडणं आटोपल्यावर तात्या भिमाजीजवळ जाऊन बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "भिमा, आलेला मानूस एक दिवस जायाचाच. देवापुढं कुनाचं चालतं? वहिनी नशीबवान, अहेवपनी गेली."

भिमाजीने मान वर केली. "आजिनाथ, मायकावरचं माज्याशी बोलू नगं. जा तू."

तात्या उठून घरी आले. आधी राग आला, मग वाईट वाटलं आणि मग भीतीच वाटायला लागली. वहिनी गेली ती गेलीच, आता भिमाही तुटतो की काय? दोन-तीनदा ते भिमाजीच्या वस्तीकडे निघाले आणि कालव्यापासूनच माघारी फिरले. जाऊन बोलायचं काय? जवळची सगळी वाक्यं तर गावावर वापरून झाली होती.

दशक्रियेला माईक तुम्हीच धरा, असं भिमाजीचा मुलगा रविराज सांगून गेला, तेव्हा तात्यांना वाटलं, चला, निदान वहिनींसाठी तरी चांगलं बोलू. तात्यांची सून सुकन्या हायस्कूलला इंग्रजी शिकवते. ती मेथी निवडत बसली होती.

"सुकन्या, त्या कंडोलन्सला म्होरं आनखी काय भारी जोडता येईल? वहिनींना चांगला द्यायचाय."

सुकन्या घुटमळली. सासऱ्याची चूक काढायची म्हणजे जिवावरच येतं. "तात्या, राग मानू नका. पण तो शब्द गेलेल्या माणसाला नसतो. त्याला श्रद्धांजली. कंडोलन्स मागं राहिलेल्याला."

"म्हंजी सांत्वन?"

"तसंच. पण मुळात त्याचा अर्थ सोबत दुखणं असा आहे. समजूत घालणं नाही. तुमचं दुखतंय तसं माझंही दुखतंय, एवढंच सांगायचं."

एवढी वर्षं तात्या घाटावर बोलले ते फोटोकडे बघून, नाहीतर खुर्च्यांकडे बघून. फोटोशेजारी खाली बसलेल्या माणसांकडे बघून कधी बोलल्याचं त्यांना आठवेना. आणि वहिनी गेल्याचं आपल्याला दुखतंय का, हेही त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. दुखत होतं. ते दारात दिसले की वहिनी आलं ठेचायला घ्यायच्या आणि त्यांचा चहा वेगळा टाकायच्या. वर चिडवायच्या, "भावजी, मायकावर माजं नाव घ्यायची येळ आली तर मनमिळाऊ म्हनू नका बरं, गाव हसंल!" ते बोलणं कानात वाजलं आणि तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. सुकन्याने मेथी तशीच ठेवून त्यांना पाणी आणून दिलं.

दशक्रियेच्या दिवशी घाट भरून गेला. प्रवचन झालं आणि माईक तात्यांकडे आला. पुढारी उपरणी सावरून बसले. तात्यांनी फोटोला हात जोडले आणि खुर्च्यांकडे पाठ करून ते सतरंजीवर बसलेल्या भिमाजीकडे वळले.

"भिमा, वहिनीनं सांगितलं हुतं, मनमिळाऊ म्हनू नका. म्हनून न्हाई म्हनत." पुढचं वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. घाटावरच्या कुणी तात्यांना असं अडखळताना पाहिलं नव्हतं. "तिचा आल्याचा च्या आता मलाबी न्हाई रं."

एवढं बोलून त्यांनी माईक स्पीकरवाल्या ओंकारच्या हातात दिला आणि भिमाजीशेजारी जाऊन मांडी घातली. खुर्च्यांत चुळबुळ झाली. माजी सभापतींचं नाव घ्यायचं राहिलं होतं, ते अजून तात्यांवर रुसून आहेत. ओंकारने कशीबशी एकेकाची नावं पुकारली आणि भाषणं सुरू झाली.

भाषण चालू असतानाच भिमाजी हळूच म्हणाला, "आलं घालायची व्हय? मला तर कदी घातलं न्हाई."

"तुला पित्त हुतं म्हनून. मला सांगायची ती. 'त्यांना सोसत न्हाई, भावजी, तुमच्यापुरतंच घालते.'"

भिमाजीचा चेहरा वाकडा झाला. त्याने टॉवेल तोंडाशी धरला आणि तो हमसून हमसून रडला. तात्यांनी त्याला गप्प केलं नाही. तेही रडत होते. माईकवर कुणीतरी पुष्पावती वहिनींना मनमिळाऊ म्हणत होतं.

मंडळी उठायला लागली तेव्हा भिमाजीने तात्यांचं मनगट धरलं.

"उद्या सकाळी ये," तो म्हणाला. "च्या मला जमत न्हाई. पर तू ये."