साडूचं चीनदर्शन

पृथ्वीच्या पाठीवर बघण्यासारखं काहीच नाही अशी जागा असूच शकत नाही, असं मानणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. लग्न ठरवताना आपल्याकडे मुलीच्या आजोळापासून सगळ्यांची चौकशी होते. होणाऱ्या साडूची चौकशी कोणी करत नाही. ती केली असती, तर टेक्सासमधल्या प्लेनो नावाच्या उपनगरात राहून मला उठसूट चीन बघायला जावं लागलं नसतं. प्लेनो म्हणजे सपाट जमीन, रुंद हायवे, कंपन्यांची काचेची ऑफिसं आणि माणसांपेक्षा गाड्यांची सोय आधी पाहून बांधलेली घरं. डोंगर नाही, नदी म्हणावी अशी नदी नाही, आणि पुरातन म्हणाल तर आधीच्या मालकानं परसात सोडलेली गंजकी शेगडी. त्यामुळे भारतातून कोणाचे आईवडील आले, की इथले मराठी लोक त्यांना विमानात घालून नायगारा नाहीतर ग्रँड कॅनियनला नेतात. माझा साडू त्यांना गाडीत घालून हायवेपलीकडच्या चायनाटाऊनमध्ये नेतो. ग्रँड कॅनियन त्यानंही एकदा पाहिलेलं आहे. त्याबद्दल त्याचं मत एवढंच, की "खड्डा चांगला आहे, पण पार्किंग लांब आहे."

हे चायनाटाऊन म्हणजे एक भलामोठा पार्किंग लॉट, त्याच्या तिन्ही बाजूंना दुकानं आणि तोंडाशी एक लाल कमान. तुम्ही-आम्ही तिथे जातो, स्वस्त आलं आणि कोथिंबीर घेतो आणि घरी येतो. साडूला मात्र तिथे एक महाद्वार, दोन ऐतिहासिक सिंह, एक मत्स्यालय, एक जागृत देवस्थान आणि एक सनसेट पॉइंट सापडलेला आहे. लहानपणी महाबळेश्वरला आणि चिखलदऱ्याला वडिलांचं बोट धरून एकूण एक पॉइंट पाहिलेला माणूस तो. टेक्सासच्या पठारावर पॉइंट नाही म्हणून तो हातावर हात ठेवून बसेल हे शक्यच नव्हतं. दर्शनाच्या दिवशी तो डोक्यावर टोपी घालतो, मिटलेली छत्री तलवारीसारखी उंच धरून पुढे चालतो, आणि ऊन कितीही भाजत असलं तरी ती उघडत नाही, कारण उघडली तर मागच्यांना गाइड कुठाय ते कळणार नाही. मागचे म्हणजे बहुधा एक थकलेलं जोडपं आणि मी. सोबत चहाचा थर्मास आणि लोणचं लावून गुंडाळलेल्या पोळ्या असतात. समोर डझनभर खाणावळी असताना या पोळ्या आम्ही गाडीच्या डिकीपाशी उभं राहून खातो, कारण सहलीला आलं की डबाच खायचा असतो.

कमानीतून गाडी आत नेणं त्याला मंजूर नाही. "देवळाच्या महाद्वारातून कोणी टोयोटा नेते का बे?" असं म्हणून तो सगळ्यांना रस्त्यावरच उतरवतो आणि मागच्या गाड्यांच्या हॉर्नच्या गजरात चालत आत नेतो. ही कमान एकही खिळा न मारता उभी केली आहे असं तो सांगतो. नटबोल्ट हाताच्या पंजाएवढे आहेत, पण ते मागच्या बाजूला आहेत, आणि मागून बघायला तो कोणाला सवडच देत नाही. सुपरमार्केटच्या दारातल्या दगडी सिंहांची कथा पाहुण्यागणिक बदलते. पाहुणे धार्मिक असले तर ते नृसिंहाचे चुलत भाऊ असतात, इंजिनिअर असले तर त्यांच्या वजनाचा आणि खालच्या चौथऱ्याचा हिशेब निघतो, आणि नवं लग्न झालेलं जोडपं असलं तर तो भलतंच काहीतरी हलक्या आवाजात सांगतो. मत्स्यालय म्हणजे त्याच सुपरमार्केटातल्या मासळी विभागाच्या काचेच्या टाक्या. तिथे एकदा कोथरूडच्या एका शुद्ध शाकाहारी काकूंनी "अगंबाई, किती गोड तोंड आहे!" असं म्हणत एका माशाकडे प्रेमानं बोट दाखवलं. पलीकडच्या ॲप्रनवाल्यानं त्या बोटाचा त्याच्या धंद्यात होतो तोच अर्थ घेतला, जाळी घातली, मासा लाकडी फळीवर आपटला आणि नम्रपणे विचारलं, तुकडे करू की अख्खा देऊ? त्यानंतर काकू महिनाभर चतुर्थ्या, एकादश्या आणि जे सापडतील ते सगळे उपास धरून बसल्या होत्या. साडूनं मात्र मत्स्यालय कार्यक्रमातून वगळलं नाही. पुढच्या पाहुण्यांना तो फक्त हात खिशात ठेवायला सांगतो.

मला हा सगळा प्रकार हौशी खोटेपणा वाटत असे. त्याचं मूळ मला पुढे मेव्हणीकडून कळलं. फार वर्षांपूर्वी त्याचे वडील नागपूरहून आले होते. हा नव्या नोकरीच्या अभिमानात त्यांना काचेच्या इमारती दाखवत फिरला. म्हातारे गाडीच्या काचेतून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हे तर सगळं हापिसच आहे रे. तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे?" यानं गाडी घराकडे वळवली. ते परत गेले, गुडघ्यांनी त्यांना पुन्हा विमानात बसू दिलं नाही, आणि मग ते राहिलेच नाहीत. चायनाटाऊनमधला सनसेट पॉइंट सापडला तो त्यानंतरच्या वर्षी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सामायिक सासूबाई साताऱ्याहून आल्या. सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या, आणि पडल्या म्हणजे साताऱ्याच्या घरातून निघून साडूच्या घरातल्या एका खोलीत येऊन बसल्या. पडदे ओढलेले. सासरे असताना सगळ्या सहली त्यांनी ठरवायच्या, तिकिटं त्यांनी काढायची आणि बाईंनी पिशव्या सांभाळायच्या, अशी वाटणी होती. आता दोन्ही मुलींनी समुद्र सुचवला, डोंगर सुचवले. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर. "तुम्ही जाऊन या, मी घर बघते." आणि रोज संध्याकाळी, चहाचा कप विसळता विसळता, "माझं तिकीट अलीकडचं करायला टाकलंत का?" त्या साताऱ्याच्या रिकाम्या घरात जाऊन काय करणार, हा विचार करून दोघी बहिणी माझ्या स्वयंपाकघरात रडून गेल्या.  मग साडू सासूबाईंसमोर जाऊन म्हणाला, "आई, शनिवारी माझ्यासोबत चला. आल्यावर पण जायचंच म्हणाल, तर तिकीट मी स्वतः बदलून देतो, त्याच संध्याकाळी." सासूबाई लगेच हो म्हणाल्या.  "अरे, त्या तिकिटासाठी येतायत," मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "आणि तू त्यांना भाजी मार्केट दाखवणार! निदान डाउनटाऊनला तरी ने यार." तो म्हणाला, "तू फक्त गाडी चालव बे."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत हे तो उत्साहात विसरला होता. कमानीपाशी त्या उतरायलाच तयार होईनात. "गाडीतूनही दिसतंय की, जावईबापू." शेवटी उतरल्या, वर पाहिलं, मग थेट मागे गेल्या, नटबोल्ट पाहून आल्या आणि म्हणाल्या, "रंग द्यायला झालाय." सिंहांपाशी त्यानं ते चीनहून शिडाच्या बोटीतून कसे आले ते सुरू केलं. त्या चष्मा लावून खाली वाकल्या. "इथे काहीतरी कोरलंय. वाचा बघू." चौथऱ्यावर ह्यूस्टनच्या कुठल्याशा पुरवठादाराचा फोन नंबर होता. "बोटीतून आले," सासूबाई म्हणाल्या, "मग फोन कशाला?" मी दुसरीकडे बघितलं. साडूची छत्री पहिल्यांदाच खांद्याच्या खाली आलेली मी पाहिली. मत्स्यालय त्यानं आपण होऊन वगळलं.

देऊळ दातांचा दवाखाना आणि साबुदाण्याच्या गोळ्या घातलेल्या बोबा चहाचं दुकान यांच्या मधोमध आहे. तिथे पूर्वी गाद्यांचं दुकान होतं. आत उदबत्तीचा धूर, संत्र्यांचे ढीग आणि भिंतीला टेकून एक पांढरी, शांत देवी. साडूनं खालच्या आवाजात सुरुवात केली, "आई, ही दयेची देवी. हिला हजार हात आहेत."

"दोनच दिसतायत."

"बाकीचे… दिसत नाहीत."

सासूबाईंनी देवीकडे नीट पाहिलं. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाईचे असेच असतात." आणि त्या हसल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. साडूनंही पाहिलं नसावं, कारण तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. नमस्कार करून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "प्रदक्षिणेला वाट नाही का मागून?" मूर्ती भिंतीला चिकटलेली. दुसरा कोणी असता तर जागच्या जागी गोल फिरा म्हणाला असता. साडू म्हणाला, "आहे ना आई. जरा लांबून आहे."

आणि आम्ही त्या अख्ख्या इमारतीला प्रदक्षिणा घातली. मधे रस्ता लागत असेल तर चपला चालतात, असं शास्त्र त्यानं उभ्या उभ्या तयार केलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती छत्री उघडून सासूबाईंच्या डोक्यावर धरली. दवाखाना गेला, सुपरमार्केट गेलं, मग मागची बोळ आली. तिथे कचऱ्याचे मोठे डबे, खाणावळींच्या धुराड्यांचा लसणाचा वास, आणि पालथ्या क्रेटवर बसून सिगारेट ओढणारे दोन आचारी. सासूबाईंनी त्यांनाही हात जोडले. त्यांनी गडबडून सिगारेटी मागे लपवल्या. तिथेच कुठेतरी, त्या डब्यांपाशी, त्या बोलायला लागल्या. "ह्यांच्या प्रदक्षिणा म्हणजे शर्यत हो. माझी अर्धी व्हायच्या आत हे चपला घालून बाहेर उभे, आणि वर मलाच म्हणायचे, किती वेळ लावतेस!"  साडू चालायचा वेग आणखी कमी करत गेला.

सनसेट पॉइंट म्हणजे तिथल्या पार्किंगच्या इमारतीची गच्ची. खाली हायवेवर लाल दिव्यांची रांग, लांब एक पाण्याची टाकी, आणि त्या टाकीच्या मागे बुडणारा सूर्य. तिथे पोचल्यावर साडूकडचं दाखवण्यासारखं सगळं संपलेलं होतं. तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आपलं घर कुठल्या बाजूला?" त्यानं दाखवलं. "आणि ह्यांचं?" त्यानं माझंही दाखवलं. मग, "आणि सातारा?" त्यानं क्षणाचाही विचार न करता उजवा हात लांब करून उत्तरेला, शेजारच्या ओक्लाहोमा राज्याच्या दिशेनं बोट दाखवलं. "नक्की?" "नक्की." सासूबाईंनी ओक्लाहोमाला हात जोडले. मी घरी येऊन मुलीचा पृथ्वीचा गोल काढला आणि त्यावर दोरा ताणून पाहिला. जवळची वाट खरंच तीच होती, उत्तर ध्रुवाजवळून. एवढ्या वर्षांत त्याचं हे एकच विधान बरोबर निघालं, आणि तेही त्याला ठाऊक नव्हतं.

परत येताना गाडीत तिकिटाचा विषय निघेल म्हणून मी रेडिओ लावला. सासूबाईंनी तो बंद करायला सांगितला. "समोरच्या घरातल्या त्या पोराची आई आलीय ना इंदूरहून? बिचारी घरात बसून असते. तिला दाखवायला हवं हे." पुढच्या शनिवारी छत्री सासूबाईंच्या हातात होती. सिंहांपाशी मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. "चीनहून शिडाच्या बोटीतून आणले हे," त्या सांगत होत्या. "याला वाटेत समुद्र लागला, म्हणून याचं तोंड असं उघडं." फोन नंबर कोरलेल्या जागी त्यांनी आपली पिशवी टेकवून ठेवली होती. मागे साडू टोपी हातात घेऊन उभा होता, शिष्याची प्रगती बघणाऱ्या गुरूसारखा.

त्या ठरल्या तारखेलाच परत गेल्या. साताऱ्यात शेजारणींनी अमेरिकेत काय पाहिलं म्हणून विचारलं, तेव्हा "चीन" असं सांगून दार लावून घेतलं म्हणे. साडू अजून पाहुणे नेतो, अजून कमानीपाशी हॉर्न खातो. पण पाहुणे नसतील त्या शनिवारीही तो गच्चीवर जातो आणि सूर्याचा फोटो काढून सासूबाईंना पाठवतो.  गेल्या शनिवारी मी सोबत होतो. फोटो पाठवून झाल्यावर तो कठड्याला टेकला आणि उजवीकडे बोट करून म्हणाला, "आई आता सकाळचा चहा ठेवत असतील." मी त्या बाजूला पाहिलं. कार वॉशची पाटी होती, हायवे होता, त्यापलीकडे अंधार पडायला लागला होता.

"हो," मी म्हणालो. "ठेवला असेल."